कलुंडेचा दहावा हिस्सा

आमच्या टाननवील गावात मत लपवून देत नाहीत. वर्षातून दोनदा शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडतात, मत असलेले सगळे येऊन बसतात आणि हात वर करून हो की नाही ते सांगतात. मोजणीदार रांगारांगांतून फिरत बोटाने मोजतात. ज्यांना मत नाही, म्हणजे ज्यांचा पासपोर्ट परदेशी, त्यांच्यासाठी भिंतीकडेला वेगळा बाक असतो. त्यांनी ऐकायचं, बोलायचं नाही, हात तर अजिबात वर करायचा नाही. सभा संपली की पंचायतीकडून सगळ्यांना एकेक पेला पांढरी वाइन आणि चीजचे तुकडे. त्या वाइनसाठीच निम्मे लोक येतात असं माझा नवरा नोल्डी म्हणतो, आणि त्या निम्म्यांत तो स्वतः असतो.

मी आल्मा श्टायनर. गावच्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत तीस वर्षं काम करते. आम्ही चौघी आहोत. मी, क्रोएशियाची द्रागित्सा, पोर्तुगालची लुर्देस आणि जाफन्याची मलर. चौघींत मत फक्त मला. मी साठ वर्षांची होईपर्यंत सभेत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मग त्या जूनमध्ये उघडलं, आणि त्याचा मला अजिबात पस्तावा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या गावाच्या दोन आळ्या आहेत. वरच्या आळीतून सरोवर दिसतं, खालच्या आळीतून रेल्वेचे रूळ. वरच्या आळीत ऑर्टली नावाचे गृहस्थ राहतात, तांब्याच्या कंपनीचे मालक. त्यांच्या खाणी आफ्रिकेत, झांबियात, कलुंडे नावाच्या गावाला. त्या वर्षी त्यांची कंपनी शेअर बाजारात आली आणि एका माणसाने एका वर्षात एवढा कर भरला की पंचायतीला तो ठेवायचा कुठे कळेना. मग पंचायतीने ठरवलं की पुढची काही वर्षं सगळ्यांचाच कर कमी करायचा. सगळ्यांचा! ऐकायला किती गोड. आमच्या घराचे वर्षाला एकशेचाळीस फ्रँक वाचणार होते. आमच्या घरमालकाचे, मेर्झवकिलांचे, नऊ हजार.

मेर्झवकिलांची बायको सिबिल. ती दर गुरुवारी चर्चच्या खोलीत वरच्या आळीतल्या सातआठ बायकांना जमवायची. जगातली गरिबी, पाणी, जंगलं, असं काहीबाही चालायचं, आणि मग कॉफी. बायका वाईट नव्हत्या. मी तिथे जायचे ती टेबलक्लॉथ पोचवायला, कारण चर्चचे कपडेही आमच्याच लाँड्रीत धुतात.

एका गुरुवारी तिथे कलुंडेहून आलेली एक बाई बसली होती, बायकांनी तिकडची हकीकत सांगायला बोलावलेली. चिलुफ्या तिचं नाव, माझ्याच वयाची, जाड लोकरी कोटात एप्रिलमध्येही कुडकुडत होती. तिने पिशवीतून एक उशीचा अभ्रा काढला आणि फिरवायला दिला. अभ्रा पांढरा, आणि त्याला बारीक बारीक भोकं. बायकांनी तो दोन बोटांत धरला, "अरेरे" म्हणाल्या आणि पुढे दिला. माझ्याकडे आला तेव्हा मी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. कसर नव्हती. कसर लागली की कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. ब्लीचही नव्हतं. ब्लीचने आधी कापड विरतं.

"ॲसिड," मी म्हणाले. "कुणी शिंपडलं?"

ती हसली. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी. "कुणी नाही. दोरीवर वाळत घातलं होतं. तांब्याच्या भट्टीचा धूर खाली उतरला की असं होतं."

"किती वेळात?"

"वारा आमच्याकडे असला तर दुपारभरात."

मग कळलं की तीही लाँड्रीत काम करायची, खाणीच्या इस्पितळाच्या. आम्ही दोघी बोलतच सुटलो. तुम्ही किती डिग्रीला धुता, रक्ताचे डाग कशाने काढता, चादरी किती दिवस टिकतात. ती म्हणाली, "आमच्याकडे चादर सहा महिने. माणूस थोडा जास्त." आणि खोकली. वरच्या आळीतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या.

मला दया आली नाही. खरंच सांगते, दया आलीच नाही, राग आला. तीस वर्षं मी चादरी पांढऱ्या ठेवण्यात घालवली आहेत. कुणीतरी दुसऱ्याच्या दोरीवरच्या चादरी जाळतो, त्या धुराचा पैसा आमच्या गावात येतो, आणि त्यातले माझ्या खिशात एकशेचाळीस टाकून मला गप्प बसवतात! तो राग घरी आला, जेवायला बसला, रात्री झोपतानाही माझ्याबरोबरच होता.

पुढच्या आठवड्यात सिबिल मेर्झ लाँड्रीच्या दारात आली. हातात केकचा डबा.

"आल्माबाई, आम्ही विचार करत होतो. ऑर्टलींच्या या कराच्या पैशातला दहावा हिस्सा कलुंडेला द्यावा, असा ठराव जूनच्या सभेत कुणीतरी मांडायला हवा."

"मांडा की."

"आम्ही मांडला तर लोक म्हणतील, पोट भरलेल्यांचे चोचले. तुमच्या तोंडून आला तर वजन पडेल."

म्हणजे बंदूक त्यांची आणि खांदा माझा. मला ते कळलं नाही असं नाही. पण बंदूक कुणाची का असेना, नेम बरोबर होता. मी म्हणाले, "मांडते. पण मत द्यायला तुम्ही सगळ्या या."

"अर्थातच!" ती म्हणाली आणि केक ठेवून गेली.

घरी नोल्डीला सांगितलं तेव्हा तो बटाटे परतत होता. पस्तीस वर्षं त्याने दुधाची गाडी चालवली, दोन्ही गुडघे गेले आहेत आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट दोन महिने बंद होती.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," तो म्हणाला. "आधी लिफ्ट, मग आफ्रिका."

"लिफ्ट पंचायतीची नाही, मेर्झची आहे."

"कुणाचीही असू दे. चढतो मी! आल्मा, दानधर्म हा श्रीमंतांचा खेळ आहे. त्यांना हरलं तरी परवडतं. आपण त्यात कशाला?"

"हे दान नाही. त्यांचंच आहे ते."

"मग ऑर्टलीला सांग. मला कशाला सांगतेस? माझ्याकडे कुणाची खाण आहे?" त्याने तवा आपटला. "आणि हे बघ, मी विरोधात हात वर करणार. तुझ्या तोंडावर करणार. नंतर म्हणू नकोस, सांगितलं नव्हतं म्हणून."

"कर. माझ्या बाजूला बसून कर म्हणजे झालं."

त्याने माझ्या ताटात बटाटे वाढले, मोठा वाटा माझा. भांडण झालं की तो असंच करतो.

मी ठराव लिहून दिला. आमच्याकडे त्याला एका मतदाराची सही पुरते. चारच दिवसांनी गावाध्यक्ष रेटो होनेगर लाँड्रीत आला. मी त्याला तो लंगोटात होता तेव्हापासून ओळखते. त्याची आई आमच्या आश्रमात तिसऱ्या मजल्यावर आहे. तिच्या चादरी मीच घडी करते.

"आल्माकाकू," तो म्हणाला. नेहमी श्टायनरबाई म्हणतो. काकू म्हणाला तेव्हाच मी सावध झाले. "तुमच्या भावना मी समजतो. पण हिशेबही बघायला हवा ना? करकपात तर जाहीर झालीय. दहावा हिस्सा बाहेर गेला तर कुठेतरी कात्री लावावी लागेल."

"कुठे?"

त्याने यंत्रांकडे बघितलं. मग घडी करणाऱ्या द्रागित्साकडे. "शहरातल्या मोठ्या कंपन्या हल्ली स्वस्तात धुऊन देतात. ट्रक येतो, घेऊन जातो. मला ते नकोच आहे. तुम्ही ठराव मागे घेतलात तर लाँड्रीचा विषय निघायचं कारणच नाही."

"म्हणजे कलुंडेच्या बायका की या बायका, असं मला निवडायला सांगतोस?"

"मी काहीच सांगत नाही, काकू. आकडे सांगतात."

"आकड्यांना सांग, आईला आज अंघोळीनंतर निळी चादर घातलीय म्हणून. तिला आवडते ती." मी इस्त्री उचलली. तो गेला.

इस्त्री करता करता मी हिशेब करत राहिले. माझी नोकरी गेली तर चार वर्षांनी तसंही निवृत्तच व्हायचं होतं. पण द्रागित्सा चोपन्नची, लुर्देसची दोन मुलं शिकतात, मलरचा नवरा पाठीच्या दुखण्याने घरी. माझ्या रागासाठी यांची चूल विझवायची? तो अधिकार मला कुणी दिला? दुपारी कॉफीच्या वेळी मी दार लावलं आणि तिघींना सगळं सांगितलं.

"सभेत मत मला एकटीला आहे," मी म्हणाले. "पण नोकरी चौघींची आहे. म्हणून तुम्ही ठरवा. उभी राहू की बसून राहू?"

लुर्देस म्हणाली, "बसून राहिलीस तर लाँड्री राहील?"

"या वर्षी राहील."

"आणि पुढच्या?"

मलर हसायला लागली. "आल्मा, ट्रक गेल्या वर्षीच येऊन गेला. दोन माणसं आली होती, यंत्रं मोजून गेली. तू दाताला गेली होतीस. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"आम्हाला तरी कोण सांगतं? आम्ही बघतो."

द्रागित्साने कप खाली ठेवला. "मी अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला आईला पैसे पाठवते. लुर्देस पाठवते. मलर तर अर्ध्या गल्लीला पाठवते. आम्ही कधी सभा घेतली? हात वर केले? आणि हे सरोवर बघत बसलेले लोक दहातला एक द्यायचा तर आमची भीती दाखवतात? उभी राहा गं. नाही राहिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"राग येईल तुम्हाला नंतर," मी म्हणाले. "नोकरी गेल्यावर."

"आला तर तोंडावर सांगू," लुर्देस म्हणाली. "आम्ही काय वरच्या आळीतल्या आहोत?"

मलरने माझ्या कपात उरलेली सगळी कॉफी ओतली. मग ती म्हणाली, "आम्ही बाकावर येऊन बसतो. तू बोलताना आमच्याकडे बघ. अध्यक्षाकडे बघून लोक घाबरतात."

सभेच्या संध्याकाळी उन्हं अजून व्यायामशाळेच्या खिडक्यांत होती. दोनशे शहाऐंशी मतदार आले. इतके लोक मी तिथे शाळेच्या नव्या इमारतीच्या मतदानालाही बघितले नव्हते. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. कुणी सांगत नाही, आपोआप तसे बसतात. भिंतीकडच्या बाकावर माझ्या तिघी, चर्चला जायच्या कपड्यांत. माझी आईदेखील याच बाकावर बसायची. मी सतरा वर्षांची होईपर्यंत आमच्या इथे बायकांना मत नव्हतं. ती विणकाम आणायची आणि बाबांचा हात वर गेला की टाके मोजायचं थांबायची.

माझा ठराव तिसरा होता. मी ध्वनिक्षेपकापाशी गेले. कागद घेतला नव्हता, चष्मा सारखा घसरतो म्हणून.

"मी भीक मागायला उभी नाही," मी म्हणाले. "हा पैसा तांब्याचा आहे. आपल्या डोंगरात तांबं निघत नाही. आपल्या डोंगरात गवत निघतं आणि गाईंचं शेण." लोक हसले. "ऑर्टलीसाहेबांनी कर इथे भरला, कारण ते झोपतात इथे. पण तांबं काढणारे जागतात तिकडे. त्यांच्या दोरीवरच्या चादरींना धुराने भोकं पडतात, मी बघितलंय. चादरीचं मला कळतं, बाकी कशाचं फारसं कळत नाही. ज्या धुराने कापड जळतं तो माणसाच्या छातीत काय करत असेल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. दहातला एक हिस्सा त्यांचा आहे. खरं तर जास्त आहे. पण मी एकच मागते, कारण मला तुमची सवय आहे."

आता हसणं थोडं कमी झालं. मी तिघींकडे बघत होते.

"माझ्याच घरात विचारतात, लिफ्टचं काय? लिफ्ट मलाही हवीय. उरलेले नऊ हिस्से इथेच आहेत. लिफ्टचं आणि कलुंडेच्या बायकांचं भांडण लावून दिलंय कुणी? ज्यांचे नऊ हजार वाचतात त्यांनी. आणि माझे वाचतात एकशेचाळीस. एकशेचाळीस फ्रँकमध्ये मला विकत घेता येत नाही. मी इतकी स्वस्त नाही!"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. गवळीवाड्यातला असावा. रेटोने घंटी वाजवली, आणि तेवढ्यात मेर्झवकील उठले. आवाज एकदम रेशमी.

"अध्यक्षमहाशय, हा सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेखाली कुणाला मत द्यावं लागू नये. मी गुप्त मतदानाची मागणी करतो."

आमच्या नियमात ते बसतं. हजर असलेल्यांपैकी एक चतुर्थांश लोकांनी मागितलं तर चिठ्ठ्या वाटतात. दोनशे शहाऐंशीत बहात्तर लागतात. माझ्या आयुष्यात कुणी मागितलं नव्हतं. पण त्यात एक गंमत आहे, आणि वकील असून मेर्झ ती विसरले. लपायचं असलं तरी आमच्याकडे आधी हात वर करावा लागतो.

"ज्यांना गुप्त मतदान हवं," रेटो म्हणाला, "त्यांनी हात वर करावेत."

बोलणं झालं की वक्त्याने जागेवर जायचं असतं. मी गेले नाही. अध्यक्षाकडे पाठ करून सभेकडे तोंड करून उभी राहिले. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

"श्टायनरबाई, बसा."

"बसते. जरा सावकाश मोजा, अध्यक्ष. मला बघायचंय."

वरच्या आळीच्या रांगाच्या रांगा वर. आमच्यातलेही काही होते, ते लपवत नाही. बेकरीतला होता, मेर्झच्या दुसऱ्या इमारतीतले भाडेकरू होते. त्यांना घरमालकासमोर होकाराचा हात वर करायची भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. त्यांच्यावरून मी नजर पुढे नेली. मग चौथ्या रांगेत चांदीचं कडं दिसलं. सिबिल मेर्झचा हात. गुरुवारच्या सगळ्या बायकांचे हात. ज्यांनी मला केक आणून दिला होता त्या सगळ्या जणी, ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या.

"सिबिलबाई," मी म्हणाले. ध्वनिक्षेपकाशिवायही माझा आवाज पोचतो, यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय आहे. "तुम्ही होच म्हणणार आहात ना? मग चिठ्ठी कशाला?"

सिबिलचं तोंड लाल झालं. हात खाली आला. शेजारणीचा आला. तिच्या पलीकडच्या बाईने हात खाली घेऊन केस सारखे केले, जणू त्यासाठीच वर नेला होता. मेर्झवकिलांनी बायकोकडे असं बघितलं की त्या घरी त्या रात्री जेवण झालं असेल की नाही कोण जाणे.

मोजणीदारांनी दोनदा मोजलं. सहासष्ट.

"गुप्त मतदान होणार नाही," रेटो म्हणाला. मी जाऊन नोल्डीच्या शेजारी बसले. त्याने माझ्याकडे न बघता खिशातली खोकल्याची गोळी काढून माझ्या हातात दिली.

मग खरं मतदान झालं. होकाराचे हात आधी. खालच्या आळीतले हात ताठ वर गेले, लोहार, पोस्टातली बाई, गवळीवाड्यातले चौघे, आणि बेकरीवाला, मेर्झवकिलांच्या डोळ्यांदेखत. वरच्या आळीतले हात कोपरात वाकलेले, कानाच्या वर जेमतेम. पण वर होते, आणि मोजणीदार कोपर बघत नाही. नकाराच्या वेळी नोल्डीने हात वर केला. अगदी छताला लावायचा असल्यासारखा, माझ्या शेजारी बसून. मला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं.

एकशेसत्तेचाळीस हो. एकशेएकवीस नाही. बाकीच्या अठरांनी हात वर केलाच नाही.

बाकावर मलरने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं. सिबिल मेर्झ रांगांमधून वाट काढत आली होती, डोळ्यांत पाणी. "आल्माबाई, जिंकलो आपण!"

"कोण आपण?" मी म्हणाले.

मी पुढे बघायला लागले. ती परत आपल्या रांगेत गेली.

रेटोने कागद सारखे केले. त्याचा चेहरा काही वाईट नव्हता, दमलेला होता. "सभेचा निर्णय पंचायतीला मान्य आहे. त्याचा परिणाम म्हणून वृद्धाश्रमाची लाँड्री बाहेर द्यायचा प्रस्ताव डिसेंबरच्या सभेपुढे येईल. हे मी लपवत नाही. इतर कुणाला काही विचारायचंय?"

इतकं सरळ तोंडावर! होकार देणाऱ्यांपैकी काही जण खुर्चीत चुळबुळले. कुणीतरी हळूच म्हणालं, "बिचाऱ्या." बिचाऱ्या हा शब्द ऐकला आणि मी पर्समधून पेन काढलं.

"मला काही विचारायचं नाही," मी उठून म्हणाले. "मला अर्ज द्यायचाय."

सभेच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू कोरी होती. मी नोल्डीच्या पाठीवर कागद ठेवला आणि लिहिलं: वृद्धाश्रमाची लाँड्री गावाकडेच राहावी, आणि तिच्याबद्दल काही ठरवण्याआधी तिथे काम करणाऱ्यांना विचारावं. खाली सही केली. एक सही पुरते. मग मी कागद घेऊन चिटणीसाच्या टेबलाकडे जायच्या ऐवजी भिंतीकडे गेले आणि बाकासमोर उभी राहिले.

द्रागित्साने कागद वाचला. पेन घेतलं. मग लुर्देसने. मलरने सही केली आणि खाली आपलं नाव सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिलं. तिची सही कुणाला लागत नाही, हे तिला माहीत आहे. सगळी व्यायामशाळा बघत होती आणि कुणालाच समजत नव्हतं की हे थांबवायचं कुठल्या नियमाने.

चिटणीस झुंडरने कागद चष्म्याखाली धरला. "श्टायनरबाई, मतदार फक्त आपण आहात. या बाकीच्या सह्या ग्राह्य नाहीत."

"मोजू नका त्या."

"मग खोडाव्या लागतील."

"खोडायच्या नाहीत. अर्ज आला की तो सह्यांसकट सभेत वाचून दाखवतात. माझे बाबा असल्यापासून वाचतात. मोजू नका, पण वाचा."

झुंडरने रेटोकडे बघितलं. रेटोने छताकडे बघितलं. वाइनचे पेले मागच्या टेबलावर मांडून झाले होते आणि लोकांचं तिकडे लक्ष जायला हवं होतं, पण कुणी उठलं नाही.

"वाचा की हो!" नोल्डी ओरडला. त्याने नुकताच माझ्या विरोधात हात वर केला होता, हे लोकांच्या लक्षात होतं, म्हणून काही जण हसले. तो उठून उभा राहिला, एका गुडघ्यावर जोर देत. "मी नाहीला मत दिलंय. तरी वाचा. माझ्या पाठीवर लिहिलाय तो."

झुंडरने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. अर्ज वाचला. "आल्मा श्टायनर," तो म्हणाला. "द्रागित्सा वुलेतिच. लुर्देस फरेरा." मग तो थांबला. "तवमलर... तिरुना... तिरुवुक..."

भिंतीकडे बाक करकरला. मलर उभी राहिली होती. त्या बाकावरून सभा चालू असताना कुणी उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माझी आई विणकाम घेऊन सतरा वर्षं बसली, ती कधी उठली नाही.

"तिरुनावुक्करसु," मलर म्हणाली. स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. "पुन्हा वाचा."

रेटोने घंटी उचलली. वाजवली नाही.

झुंडरने पुन्हा वाचलं. पुन्हा चुकलं. मलर तशीच उभी होती. लुर्देस तिच्या शेजारी उठली, मग द्रागित्सा उठली, आणि दोनशे शहाऐंशी मतदार खुर्च्यांवर बसून त्या तिघींकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा त्याने बोट ठेवून एकेक अक्षर घेतलं, आणि बरोबर वाचलं.

"हो," मलर म्हणाली. "ती मी." आणि मग ती खाली बसली.